मोकळ्या रानात पाणी तापवण्यासाठी सोलर केटल घ्यावी का?

पठारवाट यांचा प्रश्न :

नमस्कार. आम्ही निवृत्त मित्रांचा एक लहान गट आहोत आणि पावसाळा सरल्यापासून वळीव सुरू होईपर्यंत सुटीच्या दिवशी कोल्हापूरच्या आसपास पायी हिंडत असतो. मसाई पठार, गगनबावड्याकडचे सडे (उघडी कातळपठारे) आणि दाजीपूरचा परिसर ही आमची नेहमीची ठिकाणे. दुपारच्या डब्यानंतर चहा हवाच, ही आमच्या गटात एकमताने मान्य झालेली बहुधा एकमेव गोष्ट आहे. आजवर आम्ही गॅसची लहान शेगडी नेत होतो, पण मसाई पठारावर संक्रांतीनंतर गवत इतके वाळलेले असते की एका ठिणगीने वणवा लागावा. दाजीपूरचे जंगल राधानगरी अभयारण्यात मोडत असल्याने तेथे विस्तव करण्याचा विचारही नको. त्यामुळे शेगडी घरीच ठेवायचे ठरले. थर्मासमध्ये पहाटे भरलेले पाणी दुपारी दीड-दोनपर्यंत पिण्याजोगे गरम राहते, परंतु चहा उतरावा इतके राहत नाही.

सध्या दोन्ही बाजूंना उघडणारे आरसे आणि मधोमध काचेची नळी अशी, केवळ उन्हावर चालणारी केटल विकत मिळते. अर्धा लिटर पाणी अर्ध्या तासात उकळते, असे जाहिरातीत लिहिलेले असते. आपल्याकडच्या उन्हात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, हा दावा कितपत खरा ठरतो? पठारावर वारा जोराचा असतो, त्याचा परिणाम होतो का? आणि पाठपिशवीत काच वाहून नेण्याचा व्याप या वयात करावा का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरली आहे किंवा ज्यांना यातील शास्त्र ठाऊक आहे, त्यांनी कृपया लिहावे.

तापमापी यांचे उत्तर :

आधी हिशेब मांडतो, म्हणजे कोणत्याही जाहिरातीतील दावा आपला आपल्याला तपासता येईल. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायचे, तर सुमारे १४७ किलोज्यूल हवेत. घरातली १५०० वॅटची विजेची केटल एवढी उष्णता दोन मिनिटांच्या आत देते. ऊन काय देते? निरभ्र दुपारी सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण ८०० ते १००० वॅट ऊर्जा पडते. पिशवीत मावणाऱ्या केटलचे आरसे पूर्ण उघडल्यावर समजा ४० सेंटिमीटर लांब आणि ३२-३३ सेंटिमीटर रुंद झाले, तर ऊन झेलणारे क्षेत्र ०.१३ चौरस मीटर भरते आणि त्यावर १०० ते १३० वॅट पडतात. आरसा सगळे ऊन परत फेकत नाही, काच थोडे अडवते, नळी थोडे गमावते. निम्मे पाण्यापर्यंत पोहोचले असे धरले, तर ५० ते ६५ वॅट हाती लागतात. म्हणजे अर्ध्या लिटरला ३८ ते ४९ मिनिटे. जाहिरातीतला अर्धा तास उत्तम ऊन, स्वच्छ आरसे आणि आधीच थोडे कोमट असलेले पाणी धरून काढलेला असावा. आपण पाऊण तास धरून चालावे, आणि विकत घेताना केटल किती लिटरची आहे यापेक्षा आरशांची लांबी-रुंदी किती आहे, हे आधी विचारावे. पाणी तापवतो तो आरसा. नळी केवळ ते धरून ठेवते.

वाऱ्याची चिंता मात्र करू नये. ही नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचनळ्या असतात आणि त्यांच्यामधली हवा काढून टाकलेली असते. आतल्या नळीवर काळसर लेप असतो, जो ऊन शोषून घेतो पण स्वतःची उष्णता बाहेर फारशी सोडत नाही. कोल्हापुरातील कितीतरी गच्च्यांवर जे नळ्यांचे सोलर वॉटर हीटर दिसतात, त्यांतील नळीचीच ही आखूड आवृत्ती आहे. मध्ये हवाच नसल्याने बाहेर वारा कितीही सुटला तरी आतील उष्णता पळत नाही. पाणी उकळत असतानाही बाहेरची काच हाताला फारशी गरम लागत नाही, आणि नेमका तोच या वस्तूचा धोकाही आहे, कारण आत काय चालले आहे याची बाहेरून कल्पना येत नाही. पठारावरच्या वाऱ्यात स्टँड उलटणार नाही एवढे पाहा. दोन्ही बाजूंना दगड लावले की काम भागते.

आता आपल्या उन्हाविषयी. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटीही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो आणि आकाश बहुतेक निरभ्र असते, त्यामुळे हिवाळा हा या केटलसाठी उलट चांगला काळ आहे. केटल सूर्याला काटकोनात धरायची असते. डिसेंबरच्या मध्यान्ही ती जमिनीशी ४० अंशांचा कोन करून उभी राहते आणि पाणी निमूटपणे तळाशी बसते. गंमत होते ती मेच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा सूर्य कोल्हापूरच्या अगदी डोक्यावर येतो. तेव्हा काटकोन साधायचा तर नळी आडवी झोपवावी लागेल आणि पाणी तोंडाशी येईल. अशा वेळी नळी १५-२० अंश तिरपी ठेवावी. त्याने ऊन केवळ पाच-सहा टक्के कमी मिळते. शिवाय आपले मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बऱ्याच पश्चिमेला असल्याने सूर्य सर्वांत उंच येतो तो ऋतूनुसार सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान. सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच ही खरी कामाची वेळ समजावी.

आणखी एक बारकावा. पन्हाळ्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण ९७५ मीटरवर, पाणी ९७ अंशांच्या थोडे खालीच उकळते. त्यामुळे शंभर अंशांची वाट पाहत बसू नये. चहाला ९० पुरतात.

थर्मासवादी यांचे उत्तर :

माझे मत वेगळे आहे. आपल्याला एक कप चहासाठी दीड किलोचे काचसामान, पाऊण तासाचा मुक्काम आणि ढग न येण्याची हमी एवढ्या तीन गोष्टी जुळवाव्या लागणार आहेत. त्यापेक्षा चांगला निर्वात भिंतीचा स्टीलचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटे तापवून घ्यावा, ते पाणी ओतून देऊन पुन्हा काठोकाठ उकळते पाणी भरावे आणि वाटेत एकदाही उघडू नये. बहुतेक लोक या तिन्हींपैकी एकही गोष्ट करत नाहीत आणि मग थर्मासला बोल लावतात.

काही जण पॉवर बँक आणि विजेवर चालणारी लहान केटल सुचवतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. एक लिटर पाणी चहापुरते तापवायला सुमारे ८१ वॅट-तास लागतात आणि बाजारातील २०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत कागदोपत्रीच ७४ असतात. घडीचे १०० वॅटचे पॅनेल सोबत नेले, तरी ते आधी उन्हाची वीज करणार आणि मग विजेची उष्णता करणार. पहिल्याच पायरीवर पाचपैकी चार भाग ऊन वाया जाते.

सडा_आणि_सावली यांचे उत्तर :

थर्मासवाद्यांचा हिशेब पटला, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही, कारण थर्मास आणि केटल यांत एकच काहीतरी निवडावे असे कोठे आहे? मी अशी केटल बऱ्याच हंगामांपासून वापरत आहे आणि तीत गार पाणी मुळीच भरत नाही. थर्मासमधले ६० अंशांपर्यंत उतरलेले पाणी दुपारी केटलमध्ये ओततो. ते ९५ पर्यंत न्यायला निम्मीच उष्णता लागते आणि पाऊण तासाचे काम वीस-पंचवीस मिनिटांत होते. तेवढा वेळ डबा खाण्यात जातोच.

प्रत्यक्ष वापरातील काही गोष्टी सविस्तर लिहितो, कारण सोबतच्या माहितीपत्रकात त्या बारीक अक्षरांत असतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, नळी रिकामी असताना आरसे उघडून उन्हात ठेवू नये. आत पाणी नसले की नळीचे तापमान २०० अंशांच्याही वर जाऊ शकते आणि त्या तापलेल्या काचेवर पाणी ओतले की ती तडकते. पाणी आधी सावलीत भरावे, झाकण लावावे आणि मगच आरसे उघडावेत. नळी काठोकाठ भरू नये. पाणी तापताना सुमारे चार टक्के फुगते आणि अरुंद नळीत उकळी येते तेव्हा तळाची वाफ वरच्या पाण्याला ढकलत एकदम बाहेर येते, म्हणून वरचा पाचवा-सहावा भाग रिकामा ठेवावा. झाकणात वाफ जाण्याची वाट असलेलीच केटल घ्यावी आणि ती वाट मोकळी आहे का, हे दर वेळी पाहावे. उघडताना तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे धरू नये, आणि त्याआधी आरसे मिटून दोन मिनिटे थांबावे.

दिशा धरण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. नळीची सावली दोन्ही आरशांच्या बरोबर मध्ये पडली की केटल सूर्यासमोर आहे असे समजावे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे वीस मिनिटांनी एकदा स्टँड फिरवला की पुरते. आरशांवरची धूळ ओल्या मऊ फडक्याने टिपावी, घासू नये. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी बसते, तीच आरशांवरही बसते.

दाजीपूरविषयी एक सूचना. तेथील जंगल दाट आहे आणि झाडांखाली ऊन कवडशांपुरतेच उतरते, म्हणून केटलचा उपयोग होईल तो उघड्या सड्यावरच. मसाई पठारासाठी मात्र तिच्यासारखी दुसरी सोय नाही, कारण तेथे सावलीच शोधावी लागते. वाळल्या गवतात एवढी काळजी घ्यावी की, नळी बाहेर काढून नुसते आरसे उन्हात उघडे राहू देऊ नयेत. मोठ्या थाळीसारख्या सौरचुलीइतका या आरशांचा झोत तीव्र नसतो, पण वणव्याच्या भीतीने शेगडी घरी ठेवणाऱ्यांनी आरशांच्या बाबतीत निष्काळजी का राहावे?

पठारवाट :

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. थर्मास आणि केटल यांची जोडी करण्याची कल्पना आमच्या गटात लगेच मान्य झाली. आणखी तीन शंका आहेत. आमच्यातील काही जण जुलैत पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने जातात. तेव्हा ही केटल काही कामाची आहे का? दूध घातलेला चहा थेट नळीतच करता येईल का? आणि वाटेतील झऱ्याचे पाणी तापवून पिण्याजोगे होते का?

तापमापी :

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ नाही असे आहे. आरसे एका दिशेने थेट येणारे ऊन एकवटतात. ढगांतून सर्व बाजूंनी विखरून येणारा उजेड त्यांना फारसा एकवटता येत नाही. जुलैत त्या वाटेवर धुके, पाऊस आणि चिखल यांखेरीज काही भेटत नाही. त्या मोहिमेला ती केटल नेणे म्हणजे नुसते ओझे वाहणे आहे.

पाण्याच्या शंकेला थोडा विस्तार हवा. आजार पसरवणारे बहुतेक जंतू मारण्यासाठी पाणी उकळावेच लागते असे नाही. ते ६५ अंशांच्या वर काही मिनिटे राहिले तरी पुरेसे असते. उकळून घेण्याचा आग्रह धरतात तो यासाठी की, बुडबुडे दिसले म्हणजे तापमान नक्कीच पुरेसे झाले, हे तापमापक नसतानाही कळते. केटलमध्ये बुडबुडे नीट दिसत नाहीत, म्हणून स्वयंपाकात वापरतात तसा लहान काटेरी तापमापक जवळ असावा. मात्र उष्णतेने गढूळपणा जात नाही, खते-कीटकनाशके जात नाहीत आणि कारखान्यांचे सांडपाणीही शुद्ध होत नाही. सड्यावरच्या झऱ्याचे पाणी फडक्यातून गाळून तापवून घेणे ठीक आहे. उसाच्या फडातून निथळून आलेल्या ओढ्याचे पाणी कितीही उकळले तरी मी ते पिणार नाही.

सडा_आणि_सावली :

दूध नळीत मुळीच घालू नये. ते उतू जाते, काचेला धरते आणि एवढ्या अरुंद नळीत तळापर्यंत ब्रश नीट पोहोचत नाही. साखर किंवा गूळसुद्धा आत नको. नळीत नुसते पाणीच तापवायचे, हा नियम एकदा ठरवून टाकावा. आम्ही पाणी ९० अंशांवर आले की ते थर्मासच्या भांड्यात चहाची पूड आणि ठेचलेले आले यांवर ओततो आणि पाच मिनिटे झाकून ठेवतो. दूध हवे असणाऱ्यांसाठी दुधाची पावडर असते. माझा स्वतःचा आग्रह गुळाच्या कोऱ्या चहाचा आहे. कोल्हापूरच्या माणसाने रानात जाताना पिशवीत गुळाचा खडा नेऊ नये, हे मला समजत नाही. शिवाय गुळाने दूध फाटण्याचा प्रश्नही कोऱ्या चहात उरत नाही.

उद्यमनगरी यांचे उत्तर :

हा विषय आमच्या कामाच्या जवळचा असल्याने थोडे लिहितो. पत्र्याच्या कामाचा माझा व्यवसाय आहे आणि असे आरसे बनवून द्याल का, अशी विचारणा अधूनमधून होते. बनवता येतात, पण पत्रा कोणता वापरायचा याला महत्त्व आहे. चकाकणारा स्टेनलेस स्टीलचा पत्रा डोळ्यांना आरशासारखा दिसत असला, तरी तो साधारण ६० ते ६५ टक्केच ऊन परत फेकतो. परावर्तकांसाठी खास मिळणारा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा पत्रा ८५ टक्क्यांच्या वर जातो. याचा अर्थ, स्टीलचा आरसा वापरला तर तेवढ्याच कामाला चाळीस मिनिटांऐवजी पाऊण तासाहूनही जास्त वेळ लागेल. वाक अर्धगोल काढून चालत नाही. तो अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) लागतो आणि नळी त्याच्या नाभीवर, म्हणजे ऊन एकवटते त्या जागी, यावी लागते. साचा एकदा नीट कापला की पुढचे काम सोपे आहे.

खरी अडचण नळीची आहे. येथे सोलर वॉटर हीटर बसवणाऱ्यांकडे ५८ मिलिमीटर व्यासाची नळी सहज मिळते, परंतु तिची लांबी बहुतेक १८०० मिलिमीटर असते. ती कापून आखूड करता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. कापल्याबरोबर दोन काचांमधली निर्वात पोकळी संपते आणि हातात साधी काच उरते. पूर्ण लांबीची नळी वापरली तर तीत अडीच लिटरच्या वर पाणी मावते आणि आरशांशिवाय ते चहाइतके तापायला चार-साडेचार तास घेईल; आरसे लावल्यास हा वेळ बराच उतरतो. मळ्यात पक्क्या स्टँडवर कायमची बसवायची असेल तर मी ती आनंदाने बनवून देईन. भांगलणीला किंवा ऊसतोडीला आलेल्या माणसांना दुपारी गरम पाणी मिळेल. खांद्यावरून नेण्याची ती वस्तू नव्हे.

पठारवाट :

आमच्या ओळखीतील एक गृहस्थ त्यांची वापरलेली आखूड केटल देण्यास तयार आहेत. नळीला तडा नाही, आरसे थोडे मंद झाले आहेत. घेण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

सडा_आणि_सावली :

नळीचे बंद टोक पाहावे. तेथे आतल्या बाजूला चांदीसारखा चकचकीत पट्टा असतो. तो बेरियमचा थर असतो आणि पोकळीत उरलेला वायू शोषून घेण्यासाठी दिलेला असतो. कोठूनही हवा आत शिरली की तो पांढरा, दुधाळ होतो. पट्टा पांढरा दिसला तर नळी वरून कितीही धड असली तरी निकामी समजावी. मला एका विक्रेत्याने पाठवलेली नवी कोरी नळीच अशी पांढऱ्या टोकाची निघाली होती आणि ती बदलून मिळायला फार पत्रव्यवहार करावा लागला, तेव्हा नवी घेतानाही हे पार्सल उघडल्याबरोबर पाहावे आणि छायाचित्र काढून ठेवावे.

दुसरे म्हणजे झाकणाची रबरी चकती. ती कडक झालेली असेल तर तिच्या मापाची सिलिकॉनची चकती बदलून घ्यावी, आणि ती अन्नासाठी चालणारी आहे का, हे विचारून घ्यावे. वाफ जाण्याचे भोक क्षाराने बुजलेले नाही ना, हे बारीक तारेने पाहावे. बोअरचे पाणी वापरले गेले असेल तर नळीत पांढरा क्षार दिसेल. पातळ व्हिनेगर तासभर भरून ठेवले की तो सुटतो. मंद झालेले आरसे ही त्यातल्या त्यात बरी अडचण आहे. थोडा वेळ जास्त लागेल इतकेच, आणि फारच मंद असतील तर उद्यमनगरी आहेतच.

उद्यमनगरी :

आरसे आणून दाखवा. वाक बिघडलेला नसेल तर जुन्या पत्र्यावरच नवा परावर्तक पत्रा चिकटवता येतो. सगळे नव्याने करण्याचे कारण नाही.